वय ३७, ४३, ५१: एका कॅपस्टोन प्रकल्पाचं प्रकरण

चौथ्या सत्राच्या गट-प्रकल्पाला आमच्याकडे आता सगळेच कॅपस्टोन म्हणतात, नोटीस बोर्डाला टाचण्या लावणारे मामासुद्धा. एमबीएचे पाच विद्यार्थी, एक खरीखुरी संस्था, तिची एक खरीखुरी अडचण आणि जानेवारी ते मे एवढा वेळ. २०२५ मधल्या ज्या गटाबद्दल लिहितोय त्याचा मार्गदर्शक मीच होतो, तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा धरू नका. या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे.

मुलांची नावं देत नाही. वर्गात एकमेकांना गावावरून हाक मारायची पद्धत आहे, तीच इथे चालवतो. औशाची, शेतकऱ्याची मुलगी. अंबाजोगाईची, बीकॉम, आकड्यांत रमणारी. उदगीरचा, ज्याच्या मामांची लातूरच्या मार्केट यार्डात आडत, म्हणजे शेतमालाच्या दलालीचं दुकान. ही गोष्ट त्यानं आम्हाला तीन महिने सांगितली नाही. नांदेडचा आणि परळीचा, होस्टेलवर एका खोलीत राहणारे.

संस्था म्हणजे औसा तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. गोदाम, चाळणी, वजनकाटा असं सगळं असलेली आणि २०२४ च्या खरिपात सोयाबीनचं हमीभाव खरेदी केंद्र चालवलेली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. लातूरच्या यार्डात दर चार हजार ते सव्वाचार हजाराच्या घरात घुटमळत होते. तरी कंपनीचे कित्येक सभासद माल घेऊन कंपनीच्या दारावरून पुढे जात आणि यार्डात टाकत. अध्यक्षांना हे मनाला लागलं होतं.

पहिल्या बैठकीत ते म्हणाले, "सर, वीस क्विंटल माल असंल तर पंधरा हजाराचा फरक पडतो. एवढे पैसे कोण सोडतं का? पण आमच्या लोकांत जागृतीच नाही. तुमच्या लेकरांकडून एक सर्व्हे करून द्या, म्हंजे आमाला प्रशिक्षणाचा प्रस्ताव पाठवता येईल."

हिशेब बरोबर होता. ४,१५० चा दर धरला तर वीस क्विंटलचे ८३,०००, हमीभावानं ९७,८४०. फरक १४,८४०. पण अध्यक्षांनी अडचण सांगता सांगता उत्तरही सांगून टाकलं होतं, आणि आम्ही ते उत्तरच प्रश्न म्हणून उतरवून घेतलं. शीर्षक मीच सुचवलं: 'हमीभाव खरेदीविषयी सभासद शेतकऱ्यांची जागरूकता व समाधान'. नमुन्याचा आकडाही मीच ठरवला, १५०. दीडशेच का, असं कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे एकच उत्तर होतं: दीडशे लिहिलं की बाहेरून येणारे परीक्षक कटकट करत नाहीत.

प्रश्नावली अठ्ठावीस प्रश्नांची झाली. बहुतेक प्रश्न 'पूर्णतः असहमत' ते 'पूर्णतः सहमत' अशा पाच पायऱ्यांचे. पहिल्याच गावात पारावर बसलेल्या एका आजोबांनी औशाचीला विचारलं, "सहमत आन् पूर्णतः सहमत ह्यात काय फरक असतो, माय?" तिनं समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग तुला बरं वाटंल ते लिही." हे तिनं लॉगबुकात जसंच्या तसं उतरवून आणलं होतं. मी त्याखाली बरोबरची खूण केली, सही ठोकली आणि पान उलटलं.

वयाचा रकाना

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दीडशे फॉर्म पुरे झाले. एक्सेलमधून एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि निकाल आले ते देखणे. ज्यांना हमीभाव खरेदीची माहिती कमी, ते आडतीकडे जास्त. दोन गोष्टींचा संबंध तपासणाऱ्या काय-स्क्वेअर चाचणीत संबंध ठळक. अध्यक्षांचं म्हणणं सिद्ध झालं होतं. मी गटाला चहा पाजला, वर भजीही मागवली.

दोन दिवसांनी अंबाजोगाईची स्टाफरूमच्या दारात उभी, हातात उघडा लॅपटॉप. "सर, वयं बघा जरा. ही दोन वेगळ्या गावची माणसं वाटतात."

तिनं वयाचा शेवटचा अंक मोजला होता. आपल्याकडे खेड्यात उतारवयाच्या माणसाला वय विचारलं तर तो "असंल पन्नास-पंचावन" म्हणतो. जन्मतारीख शाळेत मास्तरांनी टाकलेली, निम्म्या गावाची १ जून. त्यामुळे खऱ्या फॉर्मांत ४५, ५०, ५५, ६० यांचा ढीग लागतो. हा ढीग मोजायला लोकसंख्याशास्त्रात व्हिपलचा निर्देशांकच आहे: २३ ते ६२ वयाच्या माणसांपैकी किती जणांचं वय ० किंवा ५ नं संपतं ते बघायचं. कुणाचाच ओढा गोल आकड्याकडे नसेल तर निर्देशांक १००, सगळ्यांचा असेल तर ५००. आमच्या १०९ फॉर्मांत तो ढीग ठसठशीत होता. उरलेल्या ४१ मध्ये होतं ३७, ४३, ५१, ४६, ३९, ५८. शून्य-पाचानं संपणारी वयं तीन. नुसत्या योगायोगानंही आठ यायला हवी होती. बनावट वय लिहिणारा गोल आकडा टाळतो, कारण त्याला तो आकडा बनावट वाटतो. खरा शेतकरी मात्र खुशाल गोल आकडा सांगतो.

एकदा धागा सापडल्यावर बाकीचं उसवत गेलं. वाणाच्या रकान्यात १०९ जणांचं काहीबाही: '३३५', 'संगम', 'घरचं बी', 'दुकानदारानं दिलं ते'. ४१ जणांचं एकच, 'जेएस ३३५', एकसारखं, सुवाच्य. जमीन १०९ जणांनी एकर-गुंठ्यात सांगितलेली. ४१ जणांची हेक्टरमध्ये, जशी सरकारी कागदावर असते तशी. मूळ फॉर्म मागवले तर एकाच निळ्या पेनाच्या खुणा. मी तोवर कागद हातात घेतलेच नव्हते, नुसतं एक्सेल बघत होतो. ही माझी दुसरी चूक.

ते ४१ बाजूला काढून चाचणी पुन्हा लावली. तो ठळक संबंध विरून गेला. म्हणजे खोटे फॉर्म आमच्या प्रश्नाला चपखल बसले होते. भरणाऱ्यांना प्रश्नाला काय हवंय ते ठाऊक होतं. खरी माणसं प्रश्नाला दादच देत नव्हती. आणि का द्यावी? नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सोयाबीनचा भाव हा सभेसभेतला विषय होता. ४,८९२ हा आकडा टपरीवरच्या पोरालाही पाठ होता. जागृती वाढवायची म्हणजे कुणाची आणि किती?

मागल्या दारानं

नांदेडच्यानं लगेच कबूल केलं आणि खाली मान घालून बसला. परळीचा हुज्जत घालत राहिला.

"सर, आम्ही चार गावं फिरलो. माणसं घावतच नव्हती. हरभरा काढणीला आलेला, ज्वारी उभी. जी घरी होती ती आम्हाला बघून मागल्या दारानं निघून जायची. हातात फॉर्म, गळ्यात आयकार्ड, आणि विचारायचं काय तर जमीन किती, उत्पन्न किती, कर्ज किती. वसुलीवाले समजायची आम्हाला."

"म्हणून खोलीत बसून एक्केचाळीस माणसं जन्माला घातलीत?"

मी पुढे बरंच बोललो, ते इथे लिहिण्याजोगं नाही. परळीच्याची सबब मी सबब म्हणूनच ऐकली. शेजारी बसलेल्या औशाचीनं मात्र मान वर केली. "सर, समजायची म्हणजे काय? वसुलीवाले येतातच की आमच्याकडं."

मला ते वाक्य उमजायला दोन दिवस गेले, कारण डोकं शिक्षेत अडकलं होतं. एका सहकारी मॅडमचं मत: दोघांना नापास करा, विषय संपवा. दुसरे एक ज्येष्ठ म्हणाले, "अहो, ४१ वजा करा आणि १०९ वर अहवाल लिहा. नमुना पुरेसा आहे, कुणाच्या बापाला कळत नाही." हा सल्ला मला जास्त घातक वाटला, कारण तो ऐकताना मला बरं वाटत होतं.

शेवटी केलं ते असं. परीक्षा विभागाला लेखी कळवलं. दोघांना क्षेत्रकामाचे गुण शून्य. ते ४१ फॉर्म अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडायचे, प्रत्येकावर आडवी रेघ मारून, आणि संशोधन पद्धतीच्या प्रकरणात काय घडलं ते चार सरळ वाक्यांत लिहायचं. गट फोडायचा नाही. सगळ्यांनी मिळून पुन्हा गावात जायचं. या शेवटच्या अटीवर अंबाजोगाईची भडकली. पकडलं तिनं, आणि त्यांच्या जोडीला एप्रिलचं ऊन खायचं तिनंच? तिला पटेल असं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, आजही देता येत नाही.

दुसरी फेरी

या वेळी फॉर्म नाही, आयकार्ड नाही. तेवीस घरं, जोडीजोडीनं, ऊन उतरल्यावर. विचारायचं एकच: मागच्या खरिपाचा माल रानातून निघाल्यापासून पैसा हातात पडेपर्यंत काय काय झालं ते सांगा. मध्ये बोलायचं नाही. लिहायचं ते गाडीवर बसण्याआधी, बाहेर आल्यावर.

पहिले दोन दिवस यंत्राच्याच तक्रारी. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. त्या हंगामात नोव्हेंबरच्या मध्यात केंद्र सरकारनं तो १५ पर्यंत चालेल असं केलं, पण तोवर दिवाळी होऊन गेली होती. एका बापूंनी मूठभर दाणे आणून परळीच्याच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "दात लाव." त्यानं लावला. कट्ट वाजलं. "आता सांग, वाळलंय का न्हाई? ह्यांचं यंत्र म्हणतंय साडेतेरा. पुन्हा भरायचं, पुन्हा टेम्पोचं भाडं, पुन्हा खळ्यावर पसरायचं." मग बारदाना संपलेला, ऑनलाइन नोंदणीनंतरचा मेसेज न आलेला, ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरची सरकारी नोंद, राहून गेलेली. हे सगळं खरं होतं, पण वर्तमानपत्रात येऊन गेलेलंच होतं. कंपनीलाही माहीत होतं.

चौथ्या दिवशी औशाची एका घरी गेली तर कारभारी रानात होते. अंगणात कुरडयांचा घाट घातलेला, चार बायका चिकाच्या पातेल्याभोवती. हिनंही साडीवर कुरडया घालायला हात लावला. तासाभरानं बोलता बोलता एक काकू म्हणाल्या, "हमीभावानं घातलं की पैसा खात्यावर येतो. खातं हाय थकीत. ब्यांक होल्ड लावती. मग काय चाटायचा का हमीभाव?"

बाकीच्या तिघी हसल्या. त्यांच्या दृष्टीनं ही इतकी उघड गोष्ट होती.

महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याजसवलती मिळून शेतकऱ्याला ते जवळपास बिनव्याजी पडतं. पण एकदा थकलं की ती सवलतही गेली आणि नवं कर्जही. २०२४ च्या प्रचारात कर्जमाफीची आश्वासनं झालेली, त्यामुळे पुष्कळांनी हात आखडला. आणि मुलं दुसऱ्या फेरीला निघण्याआधीच, २८ मार्चला, तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी ३१ तारखेच्या आत पैसे भरा असं जाहीर सभेत सांगून टाकलं होतं. थकीत शेतकऱ्याच्या खात्याला होल्ड लावू नका, म्हणजे आलेले पैसे अडकवून ठेवू नका, असं सरकार बँकांना वरचेवर बजावतं. वरचेवर बजावावं लागतं, यातच काय ते आलं. यार्डातली रोख अशा खात्याकडे फिरकतसुद्धा नाही.

आमच्या फॉर्मात 'कर्ज थकीत आहे का' हा प्रश्न होता. १०९ पैकी जवळपास सगळ्यांनी 'नाही' वर खूण केली होती. अनोळखी पोराला हे कोण सांगेल? तेवीस घरांत निम्म्याहून जास्त ठिकाणी खातं थकलेलं निघालं. मागल्या दारानं जाणारी माणसं परळीच्याला उत्तर देऊनच गेली होती. ते त्याला वाचता आलं नाही, आणि त्यानं सांगितल्यावर मलाही नाही.

मामाची आडत

हे सगळं चालू असताना उदगीरचा गप्प होता. एका संध्याकाळी उजनीत बासुंदी खायला थांबलो, तिथे तो बोलला. "सर, मला उचलीचं पहिल्यापासून माहीत होतं. पण मामाचं नाव निघालं असतं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या मामांच्या दुकानात गेलो. त्यांनी मागच्या हंगामातल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, दाखवल्या. नावावर अंगठा ठेवून, एकेक करून. वजन, दर, एकूण, वजा हमाली, वजा तोलाई. आणि खाली हातानं लिहिलेलं: उचल वजा. उचल म्हणजे आडतीकडून आगाऊ घेतलेले पैसे.

समजा जूनमध्ये बी-खताला ३०,००० उचलले. दर शेकडा दोन, म्हणजे महिन्याला शंभराला दोन, वर्षाचे चोवीस टक्के. ऑक्टोबरअखेर पाच महिन्यांचं व्याज ३,०००. माल ८३,००० चा आला की ३३,००० कापून ५०,००० रोख, त्याच दिवशी. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, हरभऱ्याची पेरणी तोंडावर. अध्यक्षांना दिसणारे १४,८४० शेतकऱ्यालाही दिसतात. पण ते कधी येतील ते माहीत नाही, आले तर कुणाच्या हाती लागतील ते माहीत नाही, आणि माल दुसरीकडे घातला तर येत्या जूनमध्ये मामा दारात उभं करणार नाहीत हे मात्र पक्कं माहीत आहे.

मामा म्हणाले, "आमी नसताव तर निम्म्या लोकांचं रान पडीक राहिलं असतं." हे म्हणण्यात त्यांचा स्वार्थ आहे, म्हणून आम्ही ते त्या तेवीस घरांत ताडून बघितलं. बरंचसं खरं निघालं. गटाला यार्डात खलनायक सापडायला हवा होता, तो काही धड सापडला नाही.

मुलांनी उपाय काढला तो पुस्तकी, तरी वाईट नव्हता: तारण. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्के रक्कम सहा टक्के व्याजानं घ्यायची, मुदत सहा महिने. ८३,००० च्या मालावर ६२,२५० मिळतील, सहा महिन्यांचं व्याज १,८६७ रुपये पन्नास पैसे. चोवीस टक्के कुठे आणि सहा टक्के कुठे! नांदेडच्यानं सुरेख स्लाइड बनवली आणि दात लावायला सांगणाऱ्या त्याच बापूंना मोबाइलवर दाखवली. त्यांनी नीट बघितली.

"माल हाय तवा पैशाची अडचण नसती, लेकरा. माल नसतो तवा असती."

स्लाइड राहिली, पण तिचं शीर्षक बदललं. तारण ऑक्टोबरची अडचण सोडवतं; उचल जूनची. अहवालाची शिफारस मग एवढीच उरली: कंपनीनं पहिल्या वर्षी मोजक्या सभासदांना पेरणीच्या वेळी बी-खत उधारीवर द्यावं, काढणीनंतर मालातून वळतं करून घ्यावं, आणि त्यासाठी किती खेळतं भांडवल लागेल याचा तक्ता. भांडवल कुठून येणार, याचं समाधानकारक उत्तर अहवालात नाही. माल निघाल्यावर सभासदानं शब्द फिरवला तर काय, याचंही नाही. मामा शब्द फिरवू देत नाहीत. अध्यक्ष स्वतःच्या भाऊबंदांना काय करणार?

मेच्या मध्यात अध्यक्षांपुढे सादरीकरण झालं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाले, "आमी जागृतीचं इचारलं होतं." प्रशिक्षणाच्या प्रस्तावाला या अहवालाचा काही उपयोग नव्हता. थोड्या वेळानं बाहेर गाडीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "होल्डचं तेवढं कागदावर नका आणू. संचालकांत पण हायत थकीत." आम्ही गावाची आणि कंपनीची ओळख पुसली, मजकूर ठेवला.

तोंडी परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात. नुकताच, २८ मे रोजी, नव्या हंगामाचा हमीभाव जाहीर झाला होता, ५,३२८. बाहेरच्या परीक्षकांनी तिथूनच सुरुवात केली. "चारशेच्या वर वाढला. आता तरी माल केंद्रावर येईल की नाही?"

औशाची म्हणाली, "सर, खातं तेच आहे."

त्यांनी नमुना तेवीसच का, असं अपेक्षेप्रमाणे विचारलं. अंबाजोगाईचीनं पद्धतीच्या प्रकरणातली ती चार वाक्यं वाचून दाखवली, आवाज न बदलता. परीक्षकांनी परिशिष्ट उघडलं. रेघ मारलेले फॉर्म एकेक करून उलटत गेले. वय ३७. वय ४३. वय ५१. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "ही माणसं कोणत्या गावची?"

परळीचा उभा राहिला. "आमच्या खोलीतली, सर."